मंगलाष्टकातला उंट

बँडवाल्यांनी खिडकीखाली पहिला सूर लावला की लगीनसराई आली हे मला कळतं. एरवी भिक्षुकाच्या घरात पंचांगाला काय तोटा, पण माझं पंचांग हेच. अंबादेवीच्या वाटेवर आमचं बिऱ्हाड, त्यामुळे गावातले निम्मे नवरदेव देवीच्या पाया पडायला आमच्या दारावरून जातात. कालही एक गेला. घोडा घामानं निथळत होता, नवरदेवाच्या कपाळावरच्या मुंडावळ्या गालाला चिकटल्या होत्या आणि बँडवाला बिचारा एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होता, कारण दुसरं त्याला येत नसावं.

वैशाखात लोकांना आंबे आठवतात. मला आठवतो एक रेडिओ. तो आठवला की माझ्या डोक्यात सगळा काला होतो. कशामुळे काय झालं आणि आधी काय, मागून काय, ह्याचा मेळ मी इतकी वर्षं लावते आहे. स्वयंपाक करताना लावते, देवाजवळ वाती वळताना लावते. लागल्यासारखा वाटतो आणि लगेच सुटतो.

तो उन्हाळा महाराष्ट्र झाला तेव्हाचा की त्याच्या पुढचा, हेही आता खात्रीनं सांगवत नाही. माझा मोठा भाऊ अकोल्याला सरकी काढायच्या कारखान्यात मुनीम होता. त्याच्या घरी नवा रेडिओ आला, तेव्हा जुना त्यानं चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन गाडीनं आमच्याकडे आणला. "ठेव गं," म्हणाला, "पोट्ट्यांच्या सुट्या लागल्या. उन्हातान्हात भटकण्यापेक्षा घरात बसतीन, आयकतीन." आमची पोट्टी म्हणजे दोनच, अकरा वर्षांची कमल आणि तिच्या पाठचा वसंत. पण रेडिओ आल्याची बातमी आळीत पसरली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. भाऊ कौलांवर चढून एरियलची जाळीची पट्टी बांधून गेला. बटन फिरवलं की डबा आधी नुसता गरम व्हायचा, मग त्याचा हिरवा डोळा उघडायचा आणि मग कुठून तरी लांबून माणूस बोलायला लागायचा. पहिल्या दिवशी मीही हात जोडले होते, उगाच कशाला लपवू.

मुलांचा कार्यक्रम म्हणजे खरं पाहिलं तर किती? नागपूरहून आठवड्यात एक-दोनदा, तोही थोडाच वेळ. पण वसंतानं शोध लावला की काटा सरकवला की इंदूर-भोपाळकडची हिंदी मुलं सापडतात, आणखी सरकवला की खरखरीतून कुठली गुजराती मुलं. भाषा कळो न कळो, मूल बोलतंय ना, मग पुरे. आणि डबा बंद झाला की पोरांचा चालू व्हायचा. तेलाच्या रिकाम्या पिंपात तोंड घालून वसंत ओरडायचा, "बालमित्रांनो, नमस्कार." पिंपातून तो नमस्कार असा घुमायचा की भिंतीपलीकडून काशीबाई, म्हणजे आमच्या शेजारच्या कंपाउंडरची बायको, आपलं लाटणं भिंतीवर आपटायची. रेडिओवरची ताई, रेडिओवरचा भाऊ, गोष्टीतला वाघ, वाघाची मावशी, सगळे दिवसभर आमच्या घरात नांदत होते. जेवताना ताटावर बसून कमल आवाज काढायची, "आता ऐका एक गंमत." घास तोंडात आणि गंमत नाकात.

अख्खं वऱ्हाड कापूस पिकवतं आणि आपल्या पोरांपायी कानात कापूस घालायची पाळी यावी, ह्याला काय म्हणावं. पण मी घालत होते. दुपारी कुरडयांचा चीक घोटताना दोन्ही कानांत बोळे. काशीबाई एकदा आली आणि बराच वेळ मला काही सांगत राहिली, मी मान डोलवत राहिले. दुसऱ्या दिवशी कळलं की तिनं आमचं मोठं पातेलं मागितलं होतं आणि मी हो म्हणून बसले होते.

माझं एक वेळ चाललं असतं. प्रश्न ह्यांचा होता. मुलांचे वडील भिक्षुकी करत. अमरावतीत यजमान होतेच, शिवाय मोर्शी, चांदूरकडे काळ्या जमिनीवाली शेतकरी घरं होती, तीही सासऱ्यांच्या वेळेपासून धरून राहिलेली. लगीनसराईत एकेका दिवशी दोन गावं. भिक्षुकाचं भांडवल दुसरं काय असतं? पाठ आणि गळा. आमच्याकडे पोथी समोर ठेवणं म्हणजे लाज. लहानपणी गुरूनं एक ओळ म्हणायची, शिष्यानं ती दोनदा म्हणायची, अशी संथा घेऊन हे शिकलेले. कानानं आत गेलेलं, तोंडानं बाहेर येणार. त्यामुळे रोज पहाटे आणि संध्याकाळी हे आतल्या खोलीत मोठ्यानं उजळणी करत आणि बाहेरच्या खोलीत वाघाची मावशी.

"काय करून राहिले हे पोट्टे?" हे आतून ओरडत. "माणसानं दोन ओळी म्हनाव्या की नाही घरात?"

मुलं आवाज कमी करत. अर्ध्या मिनिटानं तो आपोआप वाढे. आईबापांनी ह्या बाबतीत जगात कुठं काय तोड काढली असेल ती असो, आम्ही सगळ्या काढून पाहिल्या. मी रेडिओवर जाड गोधडी टाकली, तर वाघ गोधडीतून बोलू लागला. ह्यांनी उजळणी देवळात नेली, तर तिथं दुसरे भिक्षुक आपापली उजळणी घेऊन आधीच बसलेले. वसंताचं पिंप लपवलं, त्यानं हौदात तोंड घातलं. भीक नको पण कुत्रं आवर, असं मी भावाला मनातल्या मनात रोज म्हणत होते.

आणि तरी त्या दिवसांत घर कसं भरलेलं होतं. हेही खरंच आहे. दोन्ही खरं.

उंट आला तो असाच. रेडिओवर कुठल्या तरी गोष्टीत एक उंट टोपी विकत घ्यायला बाजारात जातो आणि त्याला एकही टोपी बसत नाही. आळीतल्या मुलींनी त्या आठवड्यात बाहुला-बाहुलीचं लग्न काढलं. आता भिक्षुकाची मुलगी म्हटल्यावर लग्न कोण लावणार? कमलनं पंचा अंगावर घेतला, अंतरपाट म्हणून माझा रुमाल धरायला लावला आणि बापाच्या चालीत, बापाच्या हेलात, खणखणीत म्हटलं, "उंटाला बसली न टोपि कुठली, कुर्यात् सदा मंगलम्." पोरं हसून लोळली. मी पीठ मळत होते, मलाही हसू आवरेना. हे ओसरीवर आले होते. मला वाटलं, आता पाठीत धपाटा. तर हे दारात उभं राहून बोटांवर अक्षरं मोजत होते. "वृत्तात चुकली नाही पोट्टी," म्हणाले. चेहऱ्यावर असा आनंद, जसा मुलगा पहिला आल्यावर बापाच्या चेहऱ्यावर असतो. रात्री जेवताना त्यांनी ती ओळ पुन्हा म्हणून पाहिली, सकाळी दाढी करताना पुन्हा. आणि मग आठ-दहा दिवस ती ओळ आमच्या घरात मिठासारखी सगळ्यात पडली.

मोर्शीला ह्यांच्या एका जुन्या यजमानाच्या नातीचं लग्न होतं. संत्र्याचे बगीचे, मांडव मोठा आणि त्या गावात नव्यानंच आलेला भोंगा खांबाला बांधलेला. मी तिथं नव्हते. जे झालं ते मला आधी त्या यजमानांकडून आलेल्या गड्यानं हसत हसत सांगितलं. अंतरपाट धरला होता, लोक ज्वारीच्या अक्षता मुठीत घेऊन उभे होते, आणि भोंग्यातून सगळ्या गावाला ऐकू गेलं की उंटाला कुठलीच टोपी बसली नाही. कुर्यात् सदा मंगलम्. लोकांनी मंगलम् ऐकलं आणि सवयीनं अक्षता टाकल्या. मग कुणीतरी हसलं. नवरीचा आजा पुढं आला आणि म्हणाला, "महाराज, नवरदेव घोड्यावर आला न तुमी उंट काहून आणला?" सगळा मांडव हसला. यजमान समजूतदार होते, काही वाकडं झालं नाही. उलट गडी सांगत होता की पंगतीत पोट्टे एकमेकांच्या डोक्यावर पत्रावळीचे द्रोण ठेवून बघत होते.

मीही हसले. हे हसले नाहीत. घरी आले, पाय धुतले, आणि पाटावर बसून राहिले.

"मले कळून नाही राहिलं," मग म्हणाले. "मी ते म्हटलं हे मले ठाऊकच नाही. लोकं हसले तेव्हा मी मागं वळून पाह्यलं, कोणावर हसून राहिले म्हणून."

ओळ तोंडात बसली होती, चुकून निघाली, एवढंच ना, असं मी म्हणाले. पण आम्हा दोघांनाही एकाच माणसाची आठवण झाली होती.

सासरे माझे मोठे पाठक. त्यांचा गळा ऐकायला लोक लग्न नसलं तरी मांडवाशी थांबत. पन्नाशीच्या अलीकडेच त्यांच्या तोंडून कधी भलता शब्द यायला लागला. घरातले हसायचे. मग एकदा एका घरी श्राद्धाला बसले आणि मंगलाष्टक सुरू केलं. तिथं कुणी हसलं नाही. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. शेवटची दोन वर्षं ते मला फार आदरानं विचारत, "तुमी कोणाकडच्या?" मी सांगायची, मी तुमची सून. ते म्हणायचे, बरं झालं. रोज मी नवी सून असायची, आणि रोज बरं व्हायचं. हे शेजारी बसून बापाकडे बघत असत, आणि कधीकधी आरशातही बघत.

तर आता प्रश्न हा, की उंट आला कुठून? रेडिओतून, पोरीच्या जिभेवरून, बापाच्या कौतुकातून? दिवसरात्र कानावर तेच पडत होतं, तर तोंडून तेच निघणार, ह्यात नवल ते काय. की तो आला त्या दुसऱ्या वाटेनं, जिथून सासऱ्यांकडे आला होता? मला वाटायचं, रेडिओचाच दोष. देवा, रेडिओचाच दोष असू दे. ज्या आवाजापायी मी कानात बोळे घालत होते त्याच्यावर मी आता सगळा भार टाकून बसले होते.

"पाहून घेऊ," हे म्हणाले. "घर शांत करून पाहून घेऊ." भावाला निरोप गेला. तो आला आणि मुलांना आणि रेडिओला, दोघांनाही अकोल्याला घेऊन गेला. मुलांना वाटलं, बाबा रागावले. वसंतानं पिंपाकडे वळून वळून पाहिलं. "मी नाही म्हणणार उंटाचं," कमल रिक्षात बसताना म्हणाली. "बाबांना सांग."

मग शांतता. अशी शांतता आमच्या घरात माझं लग्न झाल्यापासून नव्हती. माठातून पाणी झिरपलेलं ऐकू येई. काशीबाईला भिंतीपलीकडे चैन पडेना, ती येऊन विचारून गेली की सगळं ठीक आहे ना. हे पहाटे उजळणीला बसत आणि मी आतबाहेर करत ऐकत असे. शब्द न् शब्द माझ्याही ओळखीचा झाला होता, अर्थ माहीत नसला तरी. कुठं वळण येतं, कुठं श्वास, मला ठाऊक. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशीही. मी मनात देवीची ओटी बोलले. हे दोन घास जास्त जेवले. संध्याकाळी म्हणाले, "बघ. त्या डब्ब्याचंच होतं सारं." आणि आम्ही दोघं बाहेर बाजेवर बसून उसाचा रस पिऊन आलेल्या माणसांसारखे गप्पा मारत बसलो.

त्यानंतर एका सकाळी मी लोणच्याच्या फोडी पुसत होते. हे संध्या करत होते. संध्या म्हणजे मुंजीपासून रोजची. तिच्यात एक जागा येते जिथं आपलं गोत्र घ्यायचं, आपलं नाव घ्यायचं, आणि नमस्कार करायचा. हे गोत्राशी येऊन थांबले.

मला वाटलं, ठसका लागला असेल. फोड हातात तशीच धरून मी ऐकत राहिले. बाहेर पिंपळावर एक कावळा ओरडत होता. आतून काही नाही. पुन्हा त्यांनी मागची ओळ घेतली, पुन्हा तिथं आले, पुन्हा थांबले.

"कौशिक," मी म्हणाले. तशीच, फोडी पुसता पुसता, जशी पंगतीत मीठ राहिलं तर आपण सांगतो तशी.

"कौशिक," आतून आवाज आला, आणि पुढचं सगळं घडाघडा आलं.

ते गोत्र माझं नव्हे. माझं माहेरचं वेगळं. लग्नात त्यांच्या गोत्रात मला घेतलं, ते ह्याच माणसाच्या हाताला हात लावून. आणि ते आता मी त्यांना आतल्या खोलीतून देत होते. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी मोहरी कुटली, मेथी परतली, हळद घातली. त्या वर्षीचं लोणचं चांगलं मुरलं होतं, हे मला चीड यावी इतकं स्पष्ट आठवतं.

जेवायला बसलो. बराच वेळ आम्ही दोघं भाजीबद्दल बोललो. मग हे म्हणाले, "घर फारच शांत झालं. इतक्या शांततेत मानसाले सुचत नाही. सवय झाली न गोंगाटाची."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. गंमत करत होते का? नाही. मनापासून म्हणत होते. परवा गोंगाटानं विसरायला होत होतं, आज शांततेनं. मला वाटलं विचारावं, मग नेमकं कशानं? पण विचारणार कुणाला? ज्याला उत्तर हवं होतं त्यालाच. आणि कोण जाणे, खरंही असेल. गिरणी बंद पडली की गिरणीवाल्याला झोप लागत नाही म्हणतात. मी तो घास गिळला आणि म्हणाले, "हो ना. मलाही करमत नाही."

"मंग आणून घे पोट्ट्यांले."

मी स्वतः अकोल्याला गेले. भाऊ म्हणाला, "काय गं, एवढ्यात?" मी म्हणाले, घर खायला उठतं. परतीच्या गाडीत रेडिओ माझ्या मांडीवर होता आणि त्याचं ओझं मला लागत नव्हतं. घरी आल्या आल्या मी तो जागेवर ठेवला, पुसला, आणि मुलांना म्हणाले, लावा. मुलं माझ्याकडे बघत राहिली. कमलनं बटन इतकं हळू फिरवलं की आवाज डब्यातल्या डब्यातच राहिला. मी पुढं होऊन मोठा केला.

त्या संध्याकाळी हे आत उजळणी करत होते. अडखळले. लगेच ओरडले, "अरे काय करून राहिले, एक ओळ धड म्हनू देत नाही हे कार्टे." किती दिवसांनी तो ओरडा ऐकला. त्यात राग होता आणि रागाच्या खाली काहीतरी सैल झालेलं होतं. कमल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, बंद करू?" मी म्हणाले, राहू दे. तिला ते कळलं नाही. ती बिचारी बापाला वाचवायला बघत होती, आणि मीही.

त्या सुट्टीपासून आमच्या घरात आवाज कधी बंद झाला नाही. यजमान म्हणत, महाराजांच्या घरी पोरं फार लाडावलेली. काशीबाईनं तर बोलणंच टाकलं. हे बाहेर काम करत राहिले. कधी मंत्रात चूक होई, कधी महिना महिना होत नसे. चूक झाली की घरी येऊन आधी रेडिओला शिव्या. मी वैद्यांना एकदा आडून विचारलं. ते म्हणाले, थकवा असेल, तूप खायला घाला. मी तूप घातलं. कुठलं खरं, मला अजून ठरवता येत नाही. सासऱ्यांना जे झालं ते दोन-तीन वर्षांत झालं होतं. ह्यांचं इतकी वर्षं झाली, आहे तसंच आहे, म्हणजे तसं काही नसावं. किंवा मीच रोज थोडं थोडं बघते म्हणून मला दिसत नसावं. कधी वाटतं की एका उंटापायी मी आयुष्यभर घाबरत बसले. कधी वाटतं, त्या उंटानं मला वेळेवर सांगितलं होतं.

आता कमल चांदूर रेल्वेला दिली आहे. तिचं लग्न दुसऱ्या भिक्षुकानं लावलं, बापानं कन्यादान करायचं म्हणून. मला बरं वाटलं. वसंत नागपूरला कॉलेजात, वसतिगृहात राहतो, सुट्टीतही कुठल्या शिबिराला गेला. आळीतली जुनी मुलं पांगली, नव्यांच्या घरी त्यांचे त्यांचे रेडिओ आहेत. आमच्या दोन खोल्या आपोआप शांत व्हायला लागल्या आहेत.

म्हणून मुलांच्या कार्यक्रमाची वेळ झाली की मी लावते. समोर बसून ऐकते. ताई नवीन आहे, जुनीइतकी गोड नाही. काल नवरदेव दारावरून गेला, बँड लांब गेला, आणि मी बटन फिरवलं. कुणी चिमुरडी तोतरं काही गात होती. हे आत बसून उद्याच्या लग्नाची उजळणी करत होते. मधेच थांबले.

"कमे," आतून आवाज आला, "आवाज कमी कर गं जरासा."

बाहेरच्या खोलीत मी एकटी होते. इतक्या वर्षांची तोंडाची सवय असेल. असेलच. की त्यांच्या मते ती आत्ता इथं बसली आहे, परकर पोलक्यात, रेडिओला कान लावून? उठून आत जावं आणि त्यांच्या तोंडाकडे बघावं म्हणजे कळेल, असं मला वाटलं. मी उठले नाही.

"हो, सांगते तिला," मी म्हणाले, आणि बटन फिरवून आवाज जरा मोठा केला.